श्रोत्याचा प्रश्न आणि डनिंगची जमीन : शिकागोच्या सार्वजनिक रेडिओचे एक प्रकरण

घरात एखादे मूल फारच हट्टाला पेटले किंवा एखादे मोठे माणूस विचित्र वागू लागले, की आपल्याकडे ‘याला आता ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याला न्या’ असे सहज म्हटले जाते. ठाणे आणि येरवडा येथील मनोरुग्णालयांमुळे ही गावांची नावे मराठीत जवळजवळ वाक्प्रचारासारखी रुळली आहेत. अमेरिकेतील शिकागो शहरात हेच काम अनेक पिढ्या ‘डनिंग’ या नावाने केले. नीट वाग, नाहीतर डनिंगला जाशील, अशी धमकी तेथील आईबाप मुलांना देत. पुढे धमकी देणारी माणसे गेली आणि रुग्णालयाच्या जुन्या इमारतीही गेल्या. त्या जागेवर घरे, दुकाने आणि एक महाविद्यालय उभे राहिले. नाव तेवढे वस्तीला चिकटून राहिले. या नावामागे नेमके काय आहे, असा प्रश्न एका श्रोत्याने शहराच्या डब्ल्यूबीईझेड या सार्वजनिक रेडिओ केंद्राकडे पाठवला आणि २०१३ साली केंद्राने त्याचे सविस्तर उत्तर दिले.

प्रस्तुत अभ्यासाचा विषय ते उत्तर आणि ते ज्या पद्धतीतून आले ती पद्धत हा आहे. स्थानिक रेडिओने शहराचे जगणे, इतिहास आणि विज्ञान कसे सांगावे याविषयीची चर्चा बहुधा धोरणाच्या भाषेत होते. एक गोष्ट प्रत्यक्षात कशी उभी राहिली, हे त्यात मागे पडते. श्रोत्यांकडून प्रश्न मागवले की कार्यक्रम सोपा होतो, बातमीदाराचे निम्मे काम श्रोताच करून देतो, असा एक समज आहे. हे प्रकरण पाहिल्यावर माझे मत याच्या नेमके उलट झाले. श्रोत्याच्या प्रश्नाने बातमीदाराचे काम जड होते, कारण उत्तर कोणाला द्यायचे आहे हे आता ठाऊक असते आणि तो माणूस त्याच जमिनीवर राहत असतो.

डब्ल्यूबीईझेड हे केंद्र १९४३ साली शिकागोच्या शिक्षण मंडळाने सुरू केले. त्याच्या नावातील ‘बी’ आणि ‘ई’ ही अक्षरे ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ची आहेत. वर्गात बसलेल्या मुलांना रेडिओवरून पाठ ऐकवणे हे त्याचे मूळ काम होते. आकाशवाणीचे शालेय प्रसारण आठवणाऱ्या वाचकाला त्याचे स्वरूप चटकन कळेल. अमेरिकेत एफएम पट्ट्यातील ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा भाग अव्यापारी केंद्रांसाठी राखलेला आहे आणि हे केंद्र त्यातच, ९१.५ वर ऐकू येते. १९९० साली ते शिक्षण मंडळापासून वेगळे होऊन स्वतंत्र ना-नफा संस्थेच्या हाती आले. येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. आपल्याकडे सार्वजनिक प्रसारण म्हटले की आकाशवाणी, म्हणजे देशभर पसरलेली आणि सरकारी अर्थसाह्यावर चालणारी एकच यंत्रणा डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतील सार्वजनिक रेडिओ हा शेकडो स्वतंत्र केंद्रांचा मिळून बनला आहे. त्यांतील बरीच केंद्रे विद्यापीठांची आहेत, काही स्थानिक संस्थांची. प्रत्येकाचे संचालक मंडळ वेगळे, वर्गणीदार वेगळे आणि गाव वेगळे. १९६७ च्या कायद्याने ‘कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग’ हे महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्यामार्फत केंद्र सरकारचा पैसा या केंद्रांना मिळू लागला. मात्र मोठ्या शहरांतील केंद्रांचा बहुतेक खर्च श्रोत्यांच्या देणग्यांतून आणि प्रायोजकांकडून भागतो. वर्षातून काही दिवस निवेदक नेहमीचे कार्यक्रम थांबवून थेट वर्गणी मागतात. ज्याच्याकडे वर्गणी मागायची त्याला प्रश्नही विचारू द्यावा, हा विचार तेथे सुचणे स्वाभाविक होते. तरी तो सुचायला बरीच वर्षे गेली.

वृत्तविभागाच्या कामाचा नेहमीचा क्रम कोणत्याही देशात साधारण सारखाच असतो. सकाळची बैठक होते, संपादक आणि बातमीदार विषय सुचवतात, त्यांतले काही निवडले जातात, बातमी तयार होते आणि शेवटी ती श्रोत्यापर्यंत पोहोचते. श्रोत्याला बोलायला मिळते ते सगळे झाल्यानंतर, म्हणजे पत्र लिहून किंवा फोन करून. २०१२ साली जेनिफर ब्रँडेल या निर्मातीने डब्ल्यूबीईझेडमध्ये हा क्रम फिरवण्याचा प्रयोग मांडला. स्वतंत्र रेडिओ निर्मात्यांच्या एका राष्ट्रीय संघटनेने त्या वर्षी ‘लोकॅलोर’ नावाचा उपक्रम हाती घेऊन दहा निर्मात्यांना दहा स्थानिक केंद्रांशी जोडून दिले होते, आणि त्या दहांपैकी हा एक प्रयोग होता. त्याचे नाव ‘क्युरिअस सिटी’, म्हणजे कुतूहलाचे शहर. शॉन अ‍ॅली हे त्याचे संपादक होते.

पद्धत तीन पायऱ्यांची होती. शिकागो, तिचा परिसर आणि तेथील माणसे यांविषयी ज्याला जे विचारायचे असेल त्याने ते विचारावे, ही पहिली पायरी. आलेल्या प्रश्नांतून संपादकांनी काही निवडून लोकांसमोर ठेवावेत आणि कोणत्या प्रश्नाचा शोध घ्यायचा हे लोकांनी मत देऊन ठरवावे, ही दुसरी. तिसरी पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बातमीदार शोधाला निघताना, शक्य असेल तेथे, प्रश्न विचारणाऱ्यालाही बरोबर नेतो. तो मुलाखतीला हजर असतो, उपप्रश्न विचारतो, त्याचा आवाज कार्यक्रमात ऐकू येतो आणि उत्तर मिळाल्यावर त्याला काय वाटले तेही ऐकवले जाते. श्रोत्याचे पत्र वाचून दाखवणे रेडिओला नवे नाही. आपल्याकडेही ‘आपली आवड’च्या फर्माइशींपासून शेतीविषयक शंकांपर्यंत पत्रांवर चाललेले कार्यक्रम कित्येक दशकांचे आहेत. पण तेथे शंका विचारून झाली की श्रोता बाजूला होतो आणि उत्तर तज्ज्ञ देतो. प्रश्नकर्ता शोधाच्या वाटेवर शेवटपर्यंत चालतो, हा येथला फरक आहे.

या पद्धतीत डनिंगचा प्रश्न आला. वरवर पाहता तो कुतूहलाचा, थोडा भुताखेतांकडे झुकणारा विषय होता. पाडलेले वेड्यांचे इस्पितळ आणि जमिनीखाली सांगाडे एवढ्या सामग्रीवर अर्ध्या तासाचा थरारक कार्यक्रम कोणीही केला असता. हे काम रॉबर्ट लोर्झेल या पत्रकाराकडे आले. शिकागोच्या जुन्या दप्तरांत रमणारा हा माणूस आहे, आणि त्याने थराराऐवजी दप्तराची वाट धरली.

शहराबाहेर वायव्येला, कित्येक मैल दूर कुरणात कुक काउंटीने (शिकागो ज्यात येते त्या जिल्ह्याच्या प्रशासनाने) जमीन घेऊन १८५४ साली गरीबखाना सुरू केला. ज्याला घर नाही, काम नाही, सांभाळणारे कोणी नाही त्याने तेथे राहावे आणि शेतीत राबावे, ही कल्पना. अनाथ मुले, विधवा, म्हातारी माणसे, नुकतेच बोटीतून उतरलेले आजारी स्थलांतरित आणि मनोरुग्ण हे सगळे एकाच आवारात होते. १८७० च्या सुमारास मनोरुग्णांसाठी वेगळी इमारत झाली. पुढे तेथपर्यंत रेल्वेचा फाटा आला आणि जवळच्या जमीनमालकाच्या आडनावावरून स्थानकाला ‘डनिंग’ हे नाव मिळाले. त्या फाट्यावरून रुग्णांना नेले जाई. संस्थेचे अधिकृत नाव वेगळे होते, पण लोकांच्या तोंडी स्थानकाचेच नाव बसले. एका साध्या जमीनमालकाचे आडनाव अशा रीतीने शहरभर भीतीचा शब्द झाले.

ही भीती निराधार नव्हती. इमारतीत मावतील त्यापेक्षा कितीतरी अधिक रुग्ण ठेवले जात, अन्न निकृष्ट असे, आणि नोकऱ्या व कंत्राटे काउंटीच्या राजकारण्यांच्या मर्जीने वाटली जात. १८८७ साली काउंटीतील लाचखोरीचे मोठे खटले चालले, तेव्हा आयुक्तांबरोबर या मनोरुग्णालयाचा व्यवस्थापकही आरोपींमध्ये होता. ‘जिवंत माणसांचे थडगे’ हे शब्द या संस्थेविषयी त्याच काळात उच्चारले गेले. १९१२ साली इलिनॉय राज्याने संस्था काउंटीकडून आपल्याकडे घेतली आणि तिचे नाव ‘शिकागो स्टेट हॉस्पिटल’ झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुग्णांना मोठ्या संस्थांतून बाहेर काढण्याचे धोरण आले, खाटा रिकाम्या होत गेल्या, जुन्या इमारती पडल्या आणि जमिनीचे मोठमोठे तुकडे विकले गेले.

१९८९ साली या जमिनीवर घरांचे बांधकाम चालू असताना खोदकामात मानवी अवशेष निघाले. तेथे दफनभूमी होती याचा जणू सर्वांनाच विसर पडला होता. पुरातत्त्व अभ्यासकांना बोलावले गेले, कामाचा आराखडा बदलला आणि काही जमीन मोकळी सोडून तेथे छोटे स्मारक उद्यान करण्यात आले. एका वंशावळ-अभ्यासकाने जुन्या नोंदी जुळवून अंदाज बांधला की या आवारात सुमारे ३८,००० माणसे पुरली गेली असावीत. त्यांत केवळ रुग्ण नव्हते. ज्याच्या दफनाचा खर्च करायला कोणी नव्हते अशा कोणालाही काउंटी तेथेच पुरत असे. ऑक्टोबर १८७१ च्या महाभयंकर आगीत शिकागोचा मोठा भाग जळाला आणि सुमारे ३०० माणसे दगावली. त्यांपैकी ११७ जणांना येथे माती मिळाली. लिंकन पार्क या आजच्या सुंदर उद्यानाच्या काही भागात पूर्वी शहराची दफनभूमी होती. ती हलवली गेली तेव्हा बेवारस मृतांपैकी काहींची हाडेही याच कुरणात आली.

या तपशिलांपैकी पुष्कळसे आधीच कोठे ना कोठे नोंदलेले होते. काउंटीचे अहवाल होते, जुनी वर्तमानपत्रे होती, १९८९ च्या उत्खननाची माहिती होती, वंशावळ शोधणाऱ्या माणसाच्या याद्या होत्या. या सगळ्यांना एकत्र बसवून शहरातल्या एका माणसाला सांगण्याचे काम तेवढे राहिले होते, आणि ते करायला कोणाचा तरी प्रश्न लागला. ही बाब मला या प्रकरणाचा गाभा वाटते. सकाळच्या बैठकीत डनिंगचा विषय कोणी का सुचवला असता? त्याला ताजे निमित्त नव्हते, ना कोणती शताब्दी, ना न्यायालयाचा निकाल. वृत्तविभाग निमित्तावर चालतो. श्रोत्याचे कुतूहल मात्र रोज त्या रस्त्याने जाताना जागे होत राहते आणि त्याला निमित्त लागत नाही.

आता जड झालेल्या कामाविषयी. विषय बातमीदाराने स्वतः निवडला असेल तर त्याला जे सापडले त्याभोवती गोष्ट रचता येते. जे सापडले नाही ते गोष्टीबाहेर राहते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. प्रश्न दुसऱ्याचा असेल तर ही मोकळीक राहत नाही. ३८,००० या आकड्याचेच पाहा. तो अंदाज आहे. नोंदी अपुऱ्या आहेत, दफने अनेक दशके आणि एकाहून अधिक ठिकाणी झाली, जमीन पुढे खणली गेली. म्हणून तो आकडा कोणाचा आणि कशावरून आला हे सांगूनच देणे भाग होते. शिवाय या जमिनीवर आज कुटुंबे राहतात. ज्यांच्या आजी-पणजोबांपैकी कोणी त्या संस्थेत गेले आणि परत आले नाही, अशीही घराणी शहरात आहेत. तुमच्या अंगणाखाली सांगाडे आहेत, या सुरात त्यांना काही सांगणे क्रूरपणाचे ठरले असते. लोर्झेल यांच्या मांडणीत हा तोल मला जाणवतो. संस्थेतील हाल त्यांनी लपवले नाहीत, पण रुग्णांना भुते केले नाही.

माध्यमाचीही एक अडचण होती. रेडिओला आवाज लागतो, आणि डनिंगला आवाज उरलेला नाही. इमारत नाही, फाटा नाही, तेथे राहिलेल्यांपैकी एकोणिसाव्या शतकातले कोणी साक्ष द्यायला नाही. अशा वेळी निवेदन, अभ्यासकांच्या मुलाखती आणि आजच्या रस्त्यावरचे आवाज एवढ्यावरच भागवावे लागते. या प्रकरणात केंद्राने मजकुराच्या रूपातही दीर्घ लेख प्रसिद्ध केला आणि त्याला जुनी छायाचित्रे जोडली. काही गोष्टी कानाने पेलत नाहीत, हे मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही. सनावळ्या आणि जमिनीचे तुकडे डोळ्यांसमोर असावे लागतात. आवाजाने द्यायचे ते विचारणाऱ्या माणसाचे तेथे असणे.

इतिहासाबरोबर विज्ञान सांगायचे झाले की या पद्धतीची दुसरी बाजू दिसते, आणि ती समजण्यासाठी शिकागो नदीसारखे उदाहरण नाही. ही नदी उलटी का वाहते, हा प्रश्न त्या शहरात नव्याने आलेल्या कोणालाही पडतो. उत्तराचा पाया भूगोलात आहे. शहर मिशिगन तलावाच्या काठी, जवळजवळ सपाट आणि दलदलीच्या जमिनीवर वसले. मैला नदीत जाई, नदी तलावाला मिळे आणि पिण्याचे पाणी त्याच तलावातून येई. १८५४ च्या पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीत हजाराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर एलिस चेसब्रो या अभियंत्याने भुयारी गटारांची योजना आखली. पण सपाट जमिनीत गटाराला उतार मिळेना, म्हणून गटारे जमिनीवर घालून त्यांवर भराव टाकण्यात आला आणि रस्ते उंच झाले. मग इमारती खाली राहिल्या, तेव्हा इमारतीच जॅकस्क्रूंवर उचलण्यात आल्या. ट्रीमॉन्ट हाउस हे विटांचे भलेमोठे हॉटेल १८६१ साली असे उचलले गेले. (या हॉटेलचे एके काळचे मालक आयरा काउच यांची दगडी समाधी आजही लिंकन पार्कात उभी आहे, दफनभूमी हलली, ती समाधी हलली नाही. शिकागोत एक धागा ओढला की दुसरा असा हाती येतो.) १८६७ साली तलावाखालून दोन मैलांचा बोगदा खणून काठापासून दूरचे पाणी आणले गेले. शहर वाढत गेले आणि तेही पुरेना. शेवटी २८ मैलांचा कालवा खणून नदीचे पाणी तलावाऐवजी मिसिसिपीच्या खोऱ्याकडे वळवण्यात आले. २ जानेवारी १९०० रोजी कालव्यात पाणी सोडले गेले. खालच्या अंगाला असलेल्या मिसुरी राज्याने दावा लावला आणि १९०६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, कारण तेथील सेंट लुइस शहरातला विषमज्वर (टायफॉइड) शिकागोच्या मैल्यामुळेच वाढला हे सिद्ध झाले नाही. तलावातून किती पाणी वळवायचे याला पुढे न्यायालयाने मर्यादा घातली. १९६७ च्या आदेशानुसार ती सेकंदाला ३,२०० घनफूट आहे.

या हकिगतीत अनेक वर्षे एक भयंकर वाक्य जोडले जाई. १८८५ च्या पावसाळी वादळाने नदीची घाण तलावात लोटली, त्यातून पटकी आणि विषमज्वर पसरून ९०,००० माणसे, म्हणजे शहराच्या लोकसंख्येचा आठवा हिस्सा मरण पावला आणि त्या धक्क्याने कालवा खणला गेला, असे पुस्तकांतून, व्याख्यानांतून आणि वर्तमानपत्रांतून सांगितले गेले. २ ऑगस्ट १८८५ चे वादळ खरे आहे. ९०,००० मृत्यू मात्र झालेच नाहीत. त्या वर्षी शिकागोत पटकीची साथ नव्हती. एवढी माणसे मेली असती तर मृत्युनोंदींत, दफनांच्या नोंदींत आणि त्या काळच्या वृत्तपत्रांत त्याचा ठसा असता, तो कोठेही नाही. शहराच्या अभ्यासकांनी हे तपासून दाखवले तेव्हा कोठे ही दंतकथा मागे हटली. खरा कहर १८९१ साली झाला, जेव्हा विषमज्वराने सुमारे २,००० माणसे दगावली. तो आकडा लहान वाटतो म्हणून कोणी सांगत नसे.

श्रोत्याचा प्रश्न अशा दंतकथेला पोटात घेऊन येऊ शकतो. ‘नव्वद हजार माणसे मेली तेव्हा शहर कसे सावरले?’ असा प्रश्न आला आणि त्याला सर्वाधिक मते पडली, तर बातमीदाराने काय करावे? प्रश्नकर्त्याला बरोबर घेऊनच मृत्युनोंदींपर्यंत जावे लागेल आणि तुमच्या प्रश्नाचे गृहीतकच चुकीचे आहे हे त्याच्यासमोर, त्याचा मान राखून दाखवावे लागेल. ज्याने खुल्या मनाने विचारले त्याला सर्वांसमोर खोटे पाडणे अशोभनीय, आणि त्याच्या मनाला लागेल म्हणून चुकीचा आकडा तसाच ठेवणे श्रोत्यांशी अप्रामाणिक. सोबत नेण्याची पायरी येथे उपयोगी पडते. शोधात भागीदार असलेल्या माणसाला आपली समजूत बदलताना अपमान वाटत नाही. शाळेत प्रयोग स्वतः करून पाहणाऱ्या विद्यार्थ्यालाही निष्कर्ष वेगळा आला तर तो मनाला लागत नाही.

पद्धतीचे दोषही नोंदले पाहिजेत. मतदान हा त्यांतला पहिला. बहुमताला गमतीचे, हलकेफुलके आणि ओळखीच्या जागांचे प्रश्न आवडतात. एखाद्या वस्तीतील शाळा का बंद झाली हा प्रश्न आणि एखाद्या प्रसिद्ध खाद्यपदार्थाचा जन्म कोठे झाला हा प्रश्न समोरासमोर ठेवले, तर कोणाला मते अधिक पडतील हे सांगायला ज्योतिषी नको. मतदानाला कोणते प्रश्न ठेवायचे ही निवड संपादकांच्या हाती होती, त्यामुळे हा दोष काही अंशी आटोक्यात राहिला. माझ्या मते मत हे कौल म्हणून घ्यावे, आज्ञा म्हणून नव्हे. जो प्रश्न एकाच माणसाने विचारला आणि ज्याला मते मिळाली नाहीत, तो कधी कधी सर्वांत निकडीचा असतो.

दुसरा दोष अधिक खोल आहे. प्रश्न विचारतो कोण? जो केंद्र ऐकतो तो. अमेरिकेतील सार्वजनिक रेडिओचा श्रोता सरासरीने अधिक शिकलेला, अधिक सुस्थितीतला आणि बहुतांशी गोरा आहे, आणि शिकागो हे वर्णावर आधारित वस्त्यांच्या फाळणीसाठी कुप्रसिद्ध शहर आहे. उत्तरेकडच्या सुस्थितीतील वस्त्यांतून प्रश्नांची रीघ लागावी आणि दक्षिण व पश्चिमेकडील कृष्णवर्णीय व लॅटिनो वस्त्यांतून फारच थोडे यावेत, ही अशा पद्धतीची उघड जोखीम असते. मग ‘लोकांचे प्रश्न’ म्हणून जे समोर येते ते लोकांच्या एका भागाचेच असते. कार्यक्रमाच्या चमूने पुढे कमी सहभाग असलेल्या भागांत जाऊन, समोरासमोर बोलून प्रश्न गोळा करण्याचे प्रयत्न केले. हे काम संथ आणि महाग असते. एका प्रश्नासाठी अनोळखी वस्तीत संध्याकाळ घालवणे हे कोणत्याही हिशेबाच्या तक्त्यात नीट बसत नाही. तरी माझ्या दृष्टीने या प्रयोगाची कसोटी तेथेच लागते. डनिंगमध्ये पुरलेली माणसे ही त्यांच्या काळातली, कोणी न विचारलेली माणसे होती. त्यांच्याविषयीचा प्रश्न शंभर वर्षांनी, दुसऱ्या कोणी विचारला. आज तशाच स्थितीत असलेल्यांनी आपला प्रश्न स्वतः विचारावा, यासाठी केंद्राने त्यांच्या दारापर्यंत जाणे भाग आहे.

प्रयोग शिकागोत राहिला नाही. ब्रँडेल यांनी पुढे ‘हर्कन’ ही संस्था उभी केली आणि ही पद्धत इतर वृत्तसंस्थांना दिली. सॅन फ्रान्सिस्कोच्या केक्यूईडी या केंद्राचा ‘बे क्युरिअस’, व्हरमाँट राज्याच्या सार्वजनिक रेडिओचा ‘ब्रेव्ह लिटल स्टेट’ आणि ऑस्ट्रेलियन सार्वजनिक प्रसारण संस्थेचे शहरागणिक कार्यक्रम ही त्याच घराण्यातली. डब्ल्यूबीईझेडच्या मातृसंस्थेने जानेवारी २०२२ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’ हे जुने दैनिकही आपल्याकडे घेतले. रेडिओ केंद्राने वर्तमानपत्र चालवायला घ्यावे ही दुर्मीळ घटना आहे.

पैशाची बाजू मात्र याच काळात बिघडली. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी पुढील दोन वर्षांकरिता मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर मागे घेतले, आणि १९६७ च्या कायद्यातून जन्मलेल्या त्या महामंडळाने ऑगस्टमध्ये आपले काम आवरते घेत असल्याचे जाहीर केले. शिकागोसारख्या शहरात देणगीदार पुष्कळ आहेत, तेथील केंद्र तग धरेल. ग्रामीण अमेरिकेतील, अलास्कातील, मूलनिवासी वस्त्यांतील छोट्या केंद्रांच्या अंदाजपत्रकात सरकारी पैशाचा वाटा फार मोठा होता, आणि तेथे बातमीदार एक किंवा दोनच असतात. त्याही गावांत कोठेतरी पाडलेले इस्पितळ आहे, पाणी कोठून येते याची हकिगत आहे, बुजलेली दफनभूमी आहे, आणि रोज त्या रस्त्याने जाताना ज्याच्या मनात प्रश्न येतो असा माणूसही आहे. त्याने प्रश्न पाठवला, तर तो उघडून वाचायला केंद्रात कोणी असेल की नाही, हे आता त्या त्या गावाच्या वर्गणीवर अवलंबून आहे.